हेन्री वॅक्समन यांची कारकीर्द: इतके कायदे नेमके झाले कसे?

टिपणवही

अमेरिकन काँग्रेसवरच्या आधीच्या चर्चेत वॅक्समन यांचं नाव तीन-चारदा आलं आणि दरवेळी गाडी भलतीकडे गेली, म्हणून हा वेगळा धागा. आधी सांगाडा देतो, मांस जाणकारांनी चढवावं.

जन्म १२ सप्टेंबर १९३९, लॉस एंजेलिस. वडिलांचं वॉट्स भागात किराणा दुकान होतं, घर त्याच दुकानावर. पदवी आणि कायद्याचं शिक्षण दोन्ही यूसीएलएमधून (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस). १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेवर निवडून आले, तेही प्राथमिक निवडणुकीत स्वतःच्याच पक्षाच्या बसलेल्या आमदाराला हरवून. तिथे तीन मुदती. १९७४ मध्ये केंद्रातल्या प्रतिनिधी सभेवर. जानेवारी १९७५ ते जानेवारी २०१५ अशा सलग २० मुदती. पक्ष डेमोक्रॅटिक, मतदारसंघाचा क्रमांक तीनदा बदलला (२४, २९, ३०, ३३), पण भाग साधारण तोच: लॉस एंजेलिसची पश्चिम बाजू.

आता प्रश्न. हे गृहस्थ कधी सभापती नव्हते, सभागृहातले पक्षनेते नव्हते, सिनेटर नव्हते. चाळीसपैकी सोळा वर्षं विरोधी बाकावर गेली. तरी जेनेरिक औषधं, दुर्मिळ आजारांची औषधं, स्वच्छ हवा, खाद्यपदार्थांवरची पोषण-चौकट, एड्सग्रस्तांसाठी निधी, तंबाखूवर नियंत्रण, गरीब मुलांचा आरोग्यविमा, या प्रत्येक कायद्यावर त्यांचा हात दिसतो. कसं जमलं? 'मोठा माणूस होता' हे उत्तर चालणार नाही. यंत्र कसं चालतं ते सांगा.

गच्चीवरून

यंत्र समजून घ्यायचं तर सॅक्रामेंटोपासून, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या राजधानीपासून, सुरुवात करावी लागेल. लोक ती सहा वर्षं एका ओळीत उरकतात, तिथेच चुकतं.

नोव्हेंबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात जनमताने घटनादुरुस्ती झाली आणि विधिमंडळ पूर्णवेळ झालं. सभापती जेसी अनरूह यांचा आग्रह असा की आमदाराला स्वतःचा अभ्यासू कर्मचारीवर्ग हवा. नाहीतर तो माहितीसाठी लॉबीवाल्यांच्या तोंडाकडे बघत बसणार. वॅक्समन १९६९ च्या सुरुवातीला तिथे पोचले ते या ताज्या व्यवस्थेत. विधानसभेच्या आरोग्य समितीचं अध्यक्षपद मिळालं, मतदारसंघांच्या फेररचनेच्या समितीचंही काम केलं. दोन धडे घेऊन ते वॉशिंग्टनला गेले: एक, एकच विषय धरायचा आणि तो सोडायचा नाही, दोन, पगारावर हुशार माणसं ठेवायची आणि त्यांना वर्षानुवर्षं टिकवायची. पुढे त्यांच्याकडचे काही सहायक दोन-दोन दशकं त्याच विषयावर काम करत होते. समोरच्या खात्यातला अधिकारी तीन वर्षांत बदलतो, उद्योगाचा वकील बदलतो, यांचा माणूस तिथेच. मसुद्यातला स्वल्पविराम कुणी आणि का हलवला हे त्याला पाठ.

गंमत म्हणजे १९९० मध्ये कॅलिफोर्नियानेच विधानसभेत जास्तीत जास्त सहा वर्षं अशी मर्यादा घातली. हा असा माणूस तयार व्हायची शाळाच त्यामुळे बंद पडली असं माझं मत. (२०१२ मध्ये ती दोन्ही सभागृहं मिळून बारा वर्षं केली, तेव्हा थोडी उघडली.)

नेमस्त

गच्चीवरून, तुम्ही १९७९ वगळलंत. खरी किल्ली तिथे आहे.

१९७४ ची निवडणूक वॉटरगेटनंतरची. तेव्हा आलेल्या नव्या डेमोक्रॅटिक सदस्यांनी जानेवारी १९७५ मध्ये तीन जुन्या समिती-अध्यक्षांना घरी बसवलं: पॅटमन, पोग आणि हेबेर. त्याआधी १९७३ मध्येच नियम बदलला होता. उपसमितीचा अध्यक्ष आता मुख्य समितीच्या अध्यक्षाच्या मर्जीने ठरत नव्हता. त्या समितीतले बहुमतातल्या पक्षाचे सदस्य मतदान करून ठरवत. म्हणजे ज्येष्ठता ही सवय उरली, हक्क नाही.

१९७९ मध्ये वाणिज्य समितीच्या आरोग्य व पर्यावरण उपसमितीची जागा रिकामी झाली. ज्येष्ठतेने ती नॉर्थ कॅरोलायनाच्या रिचर्डसन प्रेयर यांना जायची. प्रेयर सज्जन म्हणून ख्यात, आधी न्यायाधीश होते. पण तंबाखूच्या राज्यातले. वॅक्समन फक्त तिसऱ्या मुदतीत होते. त्यांनी मतदान मागितलं आणि जिंकले. पुढची सोळा वर्षं ती उपसमिती त्यांच्याकडे राहिली.

आणि हेही लिहायला हवं: मतदानाआधी त्यांनी त्याच समितीतल्या सहकाऱ्यांच्या निवडणूक-निधीत पैसे घातले होते. बेकायदा नव्हतं, पण तोपर्यंत असं उघड कुणी करत नसे. आज दोन्ही पक्षांत अध्यक्षपदासाठी निधी गोळा करून देणं हा अलिखित नियम झालाय, त्याची वाट रुंद करणाऱ्यांत हे आहेत. भक्तांनी हा परिच्छेद गाळू नये.

शेवंताताई

उपसमिती म्हणजे तिथल्या हिशोबात नेमकं किती वजन? आपल्याकडे संसदेच्या समितीने शिफारस केली तरी मंत्री बाजूला ठेवू शकतो.

नेमस्त

ताई, फरक मोठा आहे. तिथे मंत्री सभागृहाचा सदस्यच नसतो आणि विधेयक कुठलाही सदस्य मांडतो. ते समितीत जातं आणि बहुतेक तिथेच मरतं. उपसमितीचा अध्यक्ष चार गोष्टी ठरवतो: सुनावणी घ्यायची की नाही, साक्षीला कोण, मसुदा कुठला आधार धरायचा, आणि मार्कअप कधी. मार्कअप म्हणजे मसुदा कलमाकलमाने फोडून दुरुस्त्यांवर मतं घेण्याची बैठक. पक्षादेश मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही, त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीवर मतं खरोखर मोजावी लागतात. जो मोजून येतो तो जिंकतो. वॅक्समन मोजून यायचे, आणि मतं नसली तर बैठकच लांबवायचे.

गोळीबंद

औषधांचं मी लिहितो. वेर्णा, कोलवाळ, वाळूज इथल्या कारखान्यांतून अमेरिकेला गोळ्या जातात त्या ज्या दारातून जातात ते दार २४ सप्टेंबर १९८४ ला उघडलं. ते उघडणाऱ्या कायद्याला तिकडे हॅच-वॅक्समन म्हणतात. हॅच म्हणजे युटाचे रिपब्लिकन सिनेटर ऑरिन हॅच. सही रेगन यांची.

आधीची स्थिती बघा. १९६२ नंतर आलेल्या औषधाची नक्कल विकायची तर नक्कल करणाऱ्याने सुरक्षितता आणि परिणामकारकतेच्या चाचण्या पुन्हा करायच्या. परवडणार कुणाला? सुमारे १५० औषधांचं पेटंट संपलेलं होतं आणि बाजारात जेनेरिक नव्हतं. दुसऱ्या बाजूला मूळ कंपन्यांची तक्रार: पेटंट तेव्हा १७ वर्षांचं, त्यातली बरीच वर्षं चाचण्या आणि एफडीएच्या (अमेरिकेची औषध नियामक संस्था) मंजुरीत जातात. त्यात एप्रिल १९८४ मध्ये रोश विरुद्ध बोलार या खटल्यात अपील न्यायालयाने निकाल दिला की पेटंट चालू असताना मंजुरीच्या तयारीसाठी औषध बनवून तपासणं हाही भंगच. म्हणजे पेटंट संपल्यावर तयारी सुरू करा, आणखी दोन-तीन वर्षं मूळ कंपनीला फुकटात.

कायद्याने दोघांनाही दिलं आणि दोघांकडूनही घेतलं.

मूळ कंपनीला: पेटंटची मुदतवाढ. हिशोब असा: माणसांवरच्या चाचणीचा अर्धा काळ अधिक एफडीएच्या छाननीचा पूर्ण काळ, वाढ ५ वर्षांच्या वर नाही, आणि मंजुरीनंतर एकूण १४ वर्षांच्या पुढे नाही. शिवाय नवा रेणू असेल तर ५ वर्षं डेटाचं संरक्षण (तोवर जेनेरिकवाल्याला त्या चाचण्यांचा आधार घेता येत नाही), जुन्याच औषधाचा नवा वापर नव्या चाचण्यांनी सिद्ध केला तर ३ वर्षं.

जेनेरिकवाल्याला: एएनडीए, म्हणजे संक्षिप्त अर्ज. परिणामकारकता पुन्हा सिद्ध करायची नाही, फक्त जैवसमतुल्यता दाखवायची, म्हणजे औषध रक्तात मूळ औषधाइतकंच आणि तितक्याच वेगाने पोचतं हे. आणि बोलार निकाल पाच महिन्यांत रद्द. तयारीसाठी बनवणं आता भंग नाही. भारताच्या पेटंट कायद्यातलं कलम १०७ अ याच पद्धतीचं आहे, ते २००२ च्या दुरुस्तीतलं.

अर्जात ऑरेंज बुकातल्या, म्हणजे एफडीएच्या मंजूर औषधांच्या यादीत त्या औषधापुढे नोंदलेल्या, प्रत्येक पेटंटबद्दल चारपैकी एक जाहीर करावं लागतं. पॅरा वन: पेटंटची नोंदच नाही. टू: संपलंय. थ्री: संपेपर्यंत थांबतो. फोर: पेटंट टिकणारं नाही किंवा माझ्या मालाने त्याचा भंग होत नाही. पॅरा फोर हीच खरी लढाई. एफडीएने अर्ज दाखल करून घेतल्याचं कळवल्यापासून २० दिवसांत पेटंटधारकाला सविस्तर नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून ४५ दिवसांत त्याने खटला भरला तर मंजुरी ३० महिने अडते. पहिला पॅरा फोर अर्ज करणाऱ्याला १८० दिवस एकट्याने विकायची मुभा. भारतीय कंपन्यांत हे बक्षीस पहिल्यांदा डॉ. रेड्डीज्ने ऑगस्ट २००१ मध्ये नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन ४० मिलिग्रॅमवर मिळवलं. मग सगळ्यांचीच झोप उडाली.

शेवंताताई

जैवसमतुल्यतेची मर्यादा ८० ते १२५ टक्के असते, म्हणजे जेनेरिक गोळीत औषध वीस टक्के कमी चालतं, असं सर्रास फिरतं. खरं आहे का ते?

गोळीबंद

नाही, आणि हा गैरसमज फार जुना आहे. गोळीत औषध किती भरलंय याची मर्यादा वेगळी आणि बरीच कडक असते. ८० ते १२५ हा रक्तातल्या मोजमापाचा आकडा. साधारण २४ ते ३६ निरोगी स्वयंसेवक घेतात, अदलाबदल पद्धतीने प्रत्येकाला दोन्ही औषधं देतात, मध्ये औषधाच्या निदान पाच अर्धायूंचं अंतर (अर्धायू म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ). मग रक्तातली कमाल पातळी आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ (म्हणजे एकूण किती औषध रक्तात गेलं), दोन्हींच्या जेनेरिक-मूळ गुणोत्तराचा ९० टक्के विश्वासांतर पट्टा, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता धरून येणारी खालची-वरची टोकं, पूर्ण ८० ते १२५ च्या आत बसावा लागतो. सरासरी नव्हे, अख्खा पट्टा. सरासरी ८८ आली आणि माणसामाणसांत चढउतार जास्त असला तर खालचं टोक ८० च्या खाली घसरतं आणि अभ्यास नापास.

इथे कुठे फसतं तेही सांगतो. एकाच माणसात औषधाचा चढउतार ३० टक्क्यांवर असेल तर ३६ माणसं पुरत नाहीत. उपाशीपोटी जमतं आणि जेवणानंतर बिघडतं, विशेषतः हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांत. एक्झिबिट बॅच, म्हणजे अर्जासाठी बनवलेली नमुना बॅच, किमान एक लाख गोळ्यांची किंवा व्यापारी बॅचच्या दहा टक्के, जे जास्त असेल ते. ती छोट्या यंत्रावर सुरेख निघते आणि मोठ्या मिक्सरवर विरघळण्याचा वेग बदलतो. स्थिरतेसाठी ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवतात, तिथे ब्लिस्टरची निवड चुकली की अशुद्धी वर चढते. यातलं काहीही घडलं की 'पहिला अर्जदार' हे पद हातचं जातं.

अर्धविराम

पण मग हाच कायदा नंतर गैरवापराचं कुरण झाला, ते कोण लिहिणार? मूळ कंपन्या एकामागून एक किरकोळ पेटंटं ऑरेंज बुकात घालत आणि दर वेळी नवे ३० महिने मागत. २००३ च्या मेडिकेअर कायद्यात एका अर्जाला एकदाच ३० महिने अशी दुरुस्ती करावी लागली. दुसरीकडे पहिला अर्जदार मूळ कंपनीकडून पैसे घेऊन १८० दिवस दाबून बसायचा, म्हणजे मागचे सगळे रांगेत उभे. त्यालाही २००३ मध्येच, वेळेत विकलं नाही तर तो हक्क जातो अशी कलमं आली. आणि ती रांग शब्दशः होती: पहिलं येण्यासाठी अर्जदार एफडीएच्या दाराबाहेर मुक्काम ठोकायला लागले, तेव्हा २००३ मध्येच एफडीएला जाहीर करावं लागलं की एकाच दिवशी आलेले सगळे पहिले.

पैसे देऊन उशीर करवण्याच्या करारांवर तर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१३ उजाडल्यावर आला, आणि तोही 'सरसकट बेकायदा' असं म्हणणारा नाही.

गोळीबंद

मान्य. वॅक्समन यांनीही त्या करारांना विरोधच केला होता. पण शेवटचा आकडा बघा: १९८४ मध्ये तिथे साधारण १९ टक्के प्रिस्क्रिप्शनांवर जेनेरिक मिळे, आज सुमारे ९० टक्क्यांवर. भोकं पडली, ठिगळं लावली, गोधडी टिकली.

त्याच्याच आधीचा छोटा भाऊ म्हणजे दुर्मिळ आजारांच्या औषधांचा कायदा, ४ जानेवारी १९८३. दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण असलेल्या आजाराच्या औषधाला ७ वर्षं मक्ता आणि चाचणीखर्चावर करसवलत (तेव्हा ५० टक्के, आता २५). त्या सुनावणीला पत्रकार फिरकत नव्हते. मग दूरचित्रवाणीवर डॉक्टर रंगवणारे अभिनेते जॅक क्लुगमन साक्षीला आले आणि कॅमेरे धावले. साक्षीदार कोण बोलवायचा हे अध्यक्ष ठरवतो, असं नेमस्त वर म्हणाले ना, ते हे. आज एकेका दुर्मिळ औषधाची किंमत वर्षाला लाखो डॉलर लावतात, ती या कायद्याची दुसरी बाजू.

धूरकांडे

स्वच्छ हवेची लढत जास्त रंगतदार आहे, कारण प्रतिस्पर्धी घरातलाच होता. १९८१ पासून मुख्य समितीचे अध्यक्ष मिशिगनचे जॉन डिंगेल. मिशिगन म्हणजे मोटार कारखाने. डिंगेल डिसेंबर १९५५ पासून सभागृहात, आवाज दणदणीत, समितीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. आणि वॅक्समन धुरक्याच्या शहरातले.

१९८१-८२ मध्ये रेगन सरकार आलेलं, डिंगेल यांना १९७० च्या कायद्यातल्या गाड्यांच्या धुराच्या मर्यादा सैल करायच्या होत्या, मतंही त्यांच्याकडे होती. वॅक्समन यांच्याकडे नव्हती. मग काय केलं? समितीत सुमारे ६०० दुरुस्त्या आणल्या, ढकलगाड्यांत भरून. प्रत्येकीवर चर्चा, प्रत्येकीवर मत. मतदानात रोज हरले तरी घड्याळ जिंकलं; १९८२ संपता संपता विधेयक बारगळलं.

रोखणं ही अर्धी गोष्ट. उरलेली आठ वर्षं उलट दिशेने, म्हणजे कायदा कडक करायला लागली, आणि तिथे डिंगेल यांनी तेवढ्याच चिकाटीने अडवलं. ऑक्टोबर १९८९ मध्ये दोघांची धुराड्याच्या मर्यादांवर तडजोड झाली: पहिला टप्पा नक्की, दुसरा टप्पा केंद्राच्या पर्यावरण संस्थेला (ईपीए) गरज वाटली तर. ते जमल्यावर बाकीची गाठ सुटली. प्रतिनिधी सभेत मे १९९० मध्ये ४०१ विरुद्ध २१. थोरल्या बुश यांची सही १५ नोव्हेंबर १९९०.

कायद्यात काय होतं ते नीट बघा. विषारी वायुघटकांची यादी थेट कायद्यातच, १८९ नावं. का? कारण १९७० नंतरच्या वीस वर्षांत संस्थेने मोजून सात-आठ पदार्थांवर नियम केले होते. यादी करायचं काम संस्थेवर सोडलं की खटले होतात आणि काम थांबतं. यादी कायद्यात छापली की तो वाद संपतो. कलमांत तारखाही ठोकल्या. हा वॅक्समन यांच्या मसुद्यांचा ठसा: 'संस्था योग्य ती पावलं उचलेल' असं वाक्य त्यांना चालत नसे. आम्लपावसासाठी गंधक डायऑक्साइड १९८० च्या पातळीहून एक कोटी टन कमी करायचं आणि उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री करू द्यायची, ही कल्पना मात्र बुश प्रशासनाची. वॅक्समन आधी तिच्याबद्दल साशंक होते.

शेवंताताई

म्हणजे दोघं आयुष्यभर शत्रू?

धूरकांडे

शत्रू म्हणता येणार नाही ताई. आरोग्यविम्यावर दोघं एकाच बाजूला. डिंगेल तर दर नव्या काँग्रेसमध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याचं विधेयक मांडायचे, वडिलांची परंपरा म्हणून. पण हिशोब चुकता व्हायचा तो झाला. २० नोव्हेंबर २००८, ओबामा निवडून आल्यावर दोन आठवड्यांनी, पक्षाच्या बैठकीत मतदान झालं: वॅक्समन १३७, डिंगेल १२२. त्रेपन्न वर्षांची ज्येष्ठता गेली. नेमस्त यांनी सांगितलेला १९७५ चा प्रसंग आणि हा, दोन्हींत एकच माणूस हजर आहे.

पायवाट

मला वाटतं सगळे मेडिकेडला विसरताहेत आणि माझ्या मते तेच त्यांचं सर्वात मोठं काम आहे. त्याला कुणाचं नाव नाही, कायद्याला टोपणनाव नाही, म्हणून धाग्यातही नाही.

मेडिकेड म्हणजे गरिबांचा आरोग्यविमा, खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात. केंद्राचा वाटा कमीत कमी ५० टक्के, गरीब राज्यांना जास्त. सुरुवातीला तो रोख मदतीच्या यादीला बांधलेला होता. मदत नाही तर विमा नाही, आणि मदतीची उत्पन्नमर्यादा काही राज्यांत हास्यास्पद कमी. रेगन यांच्या काळात नवी योजना मागणं म्हणजे भिंतीवर डोकं. वॅक्समन यांनी वेगळी योजना मागितलीच नाही. दर वर्षी अर्थसंकल्पाचं जे भलंमोठं, पास व्हावंच लागतं असं विधेयक येई, त्यात दोन-तीन ओळी घातल्या.

क्रम पाहा. १९८४: मदतीच्या उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या कुटुंबांतली, ऑक्टोबर १९८३ पासून जन्मलेली पाच वर्षांखालची मुलं, सक्तीने. १९८६: गरोदर बायका आणि बाळं दारिद्र्यरेषेच्या १०० टक्क्यांपर्यंत, राज्यांची इच्छा असेल तर. १९८७: ऐच्छिक मर्यादा १८५ टक्के. १९८८: आधीचे १०० टक्के आता सक्तीचे. १९८९: गरोदर बायका आणि सहा वर्षांखालची मुलं १३३ टक्क्यांपर्यंत, सक्तीने. १९९०: ३० सप्टेंबर १९८३ नंतर जन्मलेली सहा ते अठरा वयाची सगळी गरीब मुलं १०० टक्क्यांपर्यंत.

ती जन्मतारीख हीच युक्ती. मुलं वर्षाला एका वयाने मोठी होतात, तसा विमाही वर्षाला एका वयाने वर सरकतो. १९९० मध्ये पहिल्या वर्षाचा खर्च अगदी थोडा दिसतो; काँग्रेसचा हिशोब तेव्हा पाच वर्षांपुरता होई, आणि अठराव्या वर्षापर्यंत पूर्ण व्हायला २००२ साल उजाडलं. म्हणजे बहुतेक खर्च हिशोबाच्या चौकटीबाहेर.

आणि 'ऐच्छिक, मग सक्तीचं' हा क्रमही मुद्दामचा. आधी तयार राज्यं पुढे येतात, त्यांचा अनुभव जमतो, मग मागे राहिलेल्यांना 'हे अशक्य आहे' म्हणता येत नाही. राज्यपालांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. १९८९ मध्ये त्यांनी नव्या सक्ती थांबवा म्हणून एकत्र मागणी केली. त्यांच्या बाजूनेही तथ्य होतं. राज्यांना तुटीचा अर्थसंकल्प बहुधा चालत नाही, सक्ती वॉशिंग्टनची आणि अर्धं बिल त्यांचं.

अर्धविराम

पायवाट, उत्तम लिहिलंत. पण 'चौकटीबाहेर खर्च ढकलणं' याला दुसऱ्या पक्षाने केलं असतं तर आपण चलाखी म्हटलं असतं.

पायवाट

चलाखीच आहे. नाकारतंय कोण?

नेमस्त

तंबाखूचा कालक्रम देतो, एका कामाला किती वेळ लागतो ते दिसेल. १४ एप्रिल १९९४ ला सात सिगारेट कंपन्यांचे प्रमुख उपसमितीपुढे शपथेवर उभे राहिले आणि निकोटिनचं व्यसन लागत नाही असं आपलं मत असल्याचं एकेकाने सांगितलं. तो हो-नाही प्रश्न उपसमितीतले सदस्य रॉन वायडेन यांचा होता, वॅक्समन यांचा नव्हे. फोटोखाली नेहमी चुकीचं छापतात. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटांची सभागृहातली सत्ता गेली. नवे समिती-अध्यक्ष टॉम ब्लायली रिचमंडचे, म्हणजे सिगारेटच्या कारखान्याच्या गावचे. चौकशी तिथेच गुंडाळली. १९९६ मध्ये एफडीएने स्वतःच नियम केले, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की काँग्रेसने हा अधिकार दिलेलाच नाही. मग अधिकार देणारा कायदाच करायला लागला: २२ जून २००९. पंधरा वर्षं. आणि त्यातही चवींच्या सिगारेटींवरच्या बंदीतून मेंथॉल वगळलं, कारण त्याशिवाय मतं जुळत नव्हती.

विरोधी बाकावरचा काळ रिकामा नव्हता. १९२८ चा एक विसरलेला कायदा आहे: सरकारी कामकाज समितीतल्या कोणत्याही सात सदस्यांनी मागितली तर खात्याला माहिती द्यावी लागते. बहुमत लागत नाही. वॅक्समन यांनी १९९७ नंतर त्याचा धाक वापरला, छोटंसं तपास पथक उभं केलं आणि अहवालांमागून अहवाल काढले. २००७ मध्ये अध्यक्ष झाल्यावर मग समन्सचा अधिकार आला. आर्थिक संकटाच्या ऐन भरात, २३ ऑक्टोबर २००८ ला, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी आपल्या विचारचौकटीत दोष सापडला अशी कबुली दिली ती याच समितीपुढे, वॅक्समन यांच्याच प्रश्नावर.

आडगल्ली

आता फसलेल्या गोष्टी.

मेट्रो. २४ मार्च १९८५ ला लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स भागात एका कपड्यांच्या दुकानात जमिनीतून आलेल्या मिथेनचा स्फोट झाला, वीसेक माणसं जखमी. खाली जुनं तेलक्षेत्र आहे. वॅक्समन यांनी त्या पट्ट्यात बोगद्याला केंद्राचा पैसा मिळणार नाही असं कलम घालून घेतलं. श्रीमंत वस्तीला मेट्रो नकोच होती आणि मिथेन हे निमित्त, असा आरोप तेव्हापासून आहे. काही असो, विल्शर बुलेव्हार्डखालून समुद्राकडे जाणारा मार्ग वीस वर्षं अडला. २००५ मध्ये तज्ज्ञ समितीने आताच्या यंत्रांनी खोदणं सुरक्षित म्हटलं, त्यांनी स्वतःच बंदी उठवायचं विधेयक आणलं, २००७ मध्ये उठली. हवेच्या प्रदूषणाशी भांडणाऱ्या माणसाने आपल्याच शहराची मेट्रो अडवावी!

इराक. २००२ मध्ये युद्धाच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. मार्च २००३ मध्ये, इराक नायजरकडून युरेनियम घेऊ पाहतोय असं दाखवणारी कागदपत्रं बनावट निघाल्यावर बुश यांना जाब विचारणारं पत्र लिहिलं, पण मत देऊन झालं होतं.

आणि हवामान विधेयक, वॅक्समन-मार्की (दुसरे प्रतिनिधी एड मार्की), २००९. २००५ च्या तुलनेत उत्सर्जन २०२० पर्यंत १७ टक्के आणि २०५० पर्यंत ८३ टक्के कमी. समितीत मतं जुळवायला कोळसा, वीज, पोलाद, तेलशुद्धी अशा एकेका प्रदेशाच्या सदस्याशी परवान्यांचा सौदा केला. सुरुवातीचे सुमारे ८५ टक्के परवाने फुकट. विरोधक अख्खा मसुदा मोठ्याने वाचायला लावतील म्हणून समितीने वेगाने वाचणारा माणूस कामाला ठेवला होता. २१ मे ला समितीत ३३ विरुद्ध २५. २६ जूनला सभागृहात, पहाटे तीनच्या सुमारास ३०० पानी दुरुस्ती दाखल करून, २१९ विरुद्ध २१२. ४४ डेमोक्रॅट विरोधात गेले, ८ रिपब्लिकन बाजूने आले. सिनेटमध्ये ते मतालाही आलं नाही.

माझं म्हणणं: १९९० च्या स्वच्छ हवा कायद्याला दहा वर्षं मुरवलं होतं, याला सहा महिने दिले. सौदे प्रतिनिधी सभेतल्या समितीच्या मापाने कापले होते. सिनेटमध्ये ६० मतं लागतात, तिथे ते अंगाला बसले नाहीत.

धूरकांडे

सहा महिने का दिले याचंही कारण आहे. मोठं बहुमत दोनच वर्षं टिकेल हे त्यांना १९९४ वरून ठाऊक होतं. तसंच झालं, नोव्हेंबर २०१० ला गेलंच. आणि २००९ च्याच उन्हाळ्यात, ३१ जुलैला, आरोग्यविमा विधेयकही त्याच समितीतून ३१ विरुद्ध २८ ने काढलं. दोन्ही ओझी एकाच बैलावर.

टिपणवही

सगळ्यांचे आभार, मूळ पोस्टमध्ये या नोंदी जोडतो. एड्सचं राहिलं म्हणून इथेच: पहिली काँग्रेस-सुनावणी १३ एप्रिल १९८२, वॉशिंग्टनमध्ये नव्हे, लॉस एंजेलिसच्या समलिंगी समाजकेंद्रात. तेव्हा आजाराला 'एड्स' हे नावही मिळालं नव्हतं, ते त्याच सप्टेंबरात मिळालं. निधीचा रायन व्हाइट कायदा १८ ऑगस्ट १९९० चा.

आडगल्ली, २१९-२१२ हा आकडा आरोग्यविम्याचा ना? तुमची गल्लत झाली असावी.

आडगल्ली

गल्लत नाही. हवामान विधेयक २६ जून २००९, २१९-२१२. आरोग्यविमा अंतिम मतदान २१ मार्च २०१०, तेही २१९-२१२. आकडा एकच, पण बाजूच्या २१९ जणांची यादी वेगळी. पहिल्यात ते ८ रिपब्लिकन होते, दुसऱ्यात एकही नाही. मूळ पोस्टमध्ये दोन्ही तारखा घाला, नाहीतर पुढच्या महिन्यात कुणीतरी पुन्हा विचारेल.